पहिल्या माशाचं डोकं

मान्गुझी, २० जून १९८२

फाका,

रेडिओने आधी सांगितलं, तू नंतर. तुझं पत्र बसने येईपर्यंत बातमी गावभर होऊन शिळी झाली होती. पत्रावरची तारीख मात्र पाहिली मी. म्हणजे तुला आधीपासून माहीत होतं. मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत दुभाषा म्हणून बसतोस, तुझ्या कानावरून गेल्याशिवाय कुठला कागद पुढे जातो? माहीत असूनही तू बहिणीला लिहिलंस, 'लवकरच चांगली बातमी कळेल.'

कळली. प्रिटोरियाच्या सरकारने आपल्याला देऊन टाकलं. आपली तळी, समुद्राच्या तोंडाजवळची आपली वाळू, वर डोंगरावरचे न्यावो कुळाचे लोक, खाली आपण, शाळा, दवाखाना, बाबांची कबर, सगळं स्वाझीलंडच्या राजाला भेट. त्यांच्या राज्याला समुद्र नाही, म्हणून त्यांना समुद्र हवा आहे. समुद्रावर आम्ही फुकट.

आई अंगणात शेंगा सोलत होती. तिने हात न थांबवता विचारलं, "दिलं? म्हणजे आपण त्यांचे कधी होतो?"

आजोबांची गोष्ट तू विसरला असशील, कारण तू तेव्हा झोपून जायचास. दोन गोऱ्या राज्यांचं भांडण लागलं आणि समुद्रापलीकडच्या तिसऱ्या कुणीतरी आपला प्रदेश न पाहता नकाशावर रेघ मारून ते मिटवलं. एका सकाळी आजोबांची बहीण पोर्तुगीजांची रयत झाली आणि आजोबा इंग्रजांचे. दोघांच्या घरांमध्ये एक भोपळ्याचं शेत होतं. त्या शेतात परदेश सुरू झाला. आजोबा मरेपर्यंत म्हणायचे, 'आम्हाला कुणी विचारलं असतं तर आम्ही हसलो असतो.'

या वेळी आम्ही हसणार नाही.

तू विचारलंयस म्हणून सांगते, बाबांचं तळ्यातलं मासे धरायचं कुंपण उभं आहे. काठ्या बदलल्या, वेल नव्याने बांधले. कोण बघतं ते विचारू नकोस.

ताई


मान्गुझी, ११ जुलै १९८२

फाका,

तुझं लांबलचक पत्र मी दोनदा वाचलं आणि आईला एकदा वाचून दाखवलं. गाळायचं ते गाळलं. तू हुशारीने लिहितोस. नेहमीच लिहायचास.

तू म्हणतोस, तिकडे पास दाखवावा लागत नाही. तिकडे गोरा शिपाई पहाटे दार लाथाडत नाही. तिकडचा राजा आपल्या रंगाचा आहे, त्याची भाषा आपल्याला कळते, त्याच्या दरबारात काळा माणूस खुर्चीवर बसतो. 'ताई, तू भाषणं करतेस ती याच अपमानाविरुद्ध ना? मग सुटका दारात आली तर दार का लावतेस?'

यातलं अर्धं खरं आहे, फाका, आणि त्या अर्ध्यामुळेच लोक फसतील. म्हणून उत्तर नीट देते.

ज्या सरकारने आपल्यासाठी वेगळे बाक, वेगळे डबे, वेगळे दवाखाने, वेगळी स्मशानं केली, ते सरकार एकाएकी उदार कसं झालं? जरा डोकं चालव. त्यांना असा देश हवा आहे की ज्यात काम काळ्यांनी करावं पण मोजायच्या वेळी काळा माणूस सापडू नये. म्हणून कुणाला या खोट्या राज्यात ढकलायचं, कुणाला त्या. आपण उरलो होतो. आपल्याला स्वातंत्र्य देत नाहीत रे ते, आपल्याला वजा करतात. माझा नवरा, तुझे भावजी, जोहान्सबर्गच्या खाणीत जमिनीखाली उतरतात. उद्या ते त्याच खाणीत परदेशी मजूर. परवा त्यांना सांगतील, तुझ्या देशात जा. कुठला देश? ज्याची राजधानी त्यांनी पाहिलेली नाही तो.

राजाशी माझं भांडण नाही. शेजारी आहे, म्हातारा आहे, त्याने आपलं राज्य गोऱ्यांच्या जबड्यातून सोडवलं याचा मला आदर आहे. पण शेजाऱ्याने माझं घर माझ्या चोराकडून भेट म्हणून घ्यावं, आणि वर मी त्याचे आभार मानावेत?

मी हे सगळं रविवारी शाळेच्या मरुलाच्या झाडाखाली बोलले. बायका तर आल्याच, पुरुषही कडेकडेने आले, ताडीचे भोपळे मांडीवर घेऊन, जणू सहज बसलेत. शेजारचे मबिका काका मध्येच म्हणाले, "नोमासोंटो, तुझा आवाज तळ्यापलीकडे जातोय, मासे बिथरतील." मी म्हटलं, "बिथरलेले मासे कुंपणात लवकर शिरतात, काका." तेवढा हशा झाला आणि मग कुणी हललं नाही.

शाळा तपासनीस परवा येऊन गेले. चहा घेतला. शिक्षिकेने वर्गाबाहेर फार बोलू नये असं त्यांचं मत आहे. मी त्यांना साखर जास्त दिली.

आई ठीक आहे. तुझा वाडगा अजून फळीवर उपडा ठेवते.

ताई


मान्गुझी, २५ जुलै १९८२

फाका,

तर तू येतोयस. राजाचे दूत आणि मॅजिस्ट्रेटकडचा गोरा साहेब यांच्याबरोबर, साहेबाच्या गाडीत बसून. लोकांचं मत विचारायला. आणि आपल्या न्सेल्यांच्या घरातला कर्ता पुरुष म्हणून पुढच्या बाकावर तू बसणार, आणि सगळ्यांच्या वतीने 'आम्ही राजी आहोत' हे तीन शब्द तू बोलणार. पुढे तुला इथला मुखिया नेमतील हे तू लिहिलं नाहीस. ते मला बसवाल्याने सांगितलं.

तू मला दोन कामं सांगितलीस. बायकांनी स्वागताला गावं, आणि पाहुण्यांचं जेवण व्हावं.

गाण्याचं बघू. जेवणाची काळजी करू नकोस. आम्ही करू. घरचंच असेल.

आता एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर तिथे मबिका काका सांगतील आणि त्यांच्या तोंडून ती वेगळी ऐकू येईल. बाबांचं कुंपण मी बघते. मी पाण्यात उतरते. छातीपर्यंत. काठ्या मी रोवते, आई काठावरून वेल सोलून देते.

बाईने कुंपणाच्या पाण्यात उतरायचं नसतं हे मला माहीत आहे. काका पहिल्या दिवशी त्यांच्या कुंपणावरून ओरडले होते, "बाई पाण्यात उतरली की मासा फिरकत नाही!" त्याच ओहोटीला इतकी बोय मासळी आली की टोपलीला आई आणि मी दोघी लागलो. माशांना बहुतेक कुणी सांगितलं नव्हतं. काका आठवडाभर बोलले नाहीत. मग एक दिवस न बोलता माझी वाकडी लागलेली काठी त्यांनी सरळ केली.

मी काय केलं असतं? ओस पडलेलं कुंपण दुसऱ्याचं होतं, हा आपला नियम तुलाही माहीत आहे. हंगामातल्या पहिल्या माशाचं डोकं कुंपणाच्या धन्याने खायचं असतं; बाबा गेले त्या वर्षी ते तू खाल्लंस. शेजारी जमले होते, काकांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुंपण कुणाचं?" आणि तू घास तोंडात धरूनच म्हणालास, "माझं. माझ्या आधी बाबांचं." आई रडली होती. त्यानंतर तू गेलास तो गेलासच. दर हंगामात पहिल्या माशाचं डोकं मी तुझ्या ताटात वाढते, आणि ते मांजर खातं. मांजराला कुणी काही विचारत नाही.

या वर्षीचा पहिला मोठा करकरा मासा अजून धरलेला नाही. तू येशील त्या सकाळी धरीन.

तुझ्या कचेरीपेक्षा ते पाणी मी चांगलं ओळखते, फाका. मासा कुंपणात शिरतो तेव्हा त्याला वाट मोकळीच दिसते. काड्या आतल्या बाजूला वाकतात, अंगाला नुसत्या गुदगुल्या करतात. बाहेर यायचं म्हटलं की त्यांची टोकं टोचतात. बाकावर बसण्याआधी याचा विचार कर.

ताई


मान्गुझी, ९ ऑगस्ट १९८२

फाकामानी,

तू समोर होतास, पण तुझी मान खाली होती आणि शेवट होण्याआधी तू गाडीत जाऊन बसलास. उद्या कचेरीत तुला विचारतील आणि तू काहीतरी लिहून देशील. म्हणून चुलीच्या बाजूने काय दिसलं ते तुला कळवते.

पातेली आम्ही पहाटेपासून चढवली होती. मक्याची घट्ट लापशी आणि शेंगदाण्याच्या रश्शात मासा. दुसरं काही नाही. ना कोंबडी, ना बोकड. काही बायका घाबरल्या होत्या. "अगं, स्वाझींच्यात जुने लोक मासा शिवत नाहीत, पाण्यातला साप म्हणतात त्याला." मी म्हटलं, "म्हणून तर." आपल्यात पाहुण्याला घरात जे शिजतं तेच वाढतात. जो आपल्या घरातलं खाऊ शकत नाही तो पाहुणा म्हणून चालेल. घरधनी म्हणून कसा चालेल?

डोंगरावरचे न्यावो आजोबा आधीच येऊन बसले होते. तेही जन्मात मासा न खाल्लेले. वाडग्यात वाकून म्हणाले, "पोरी, याला काटे आहेत की दात?"

"तुम्ही नका खाऊ, आजोबा. तुम्ही काही आमच्यावर राज्य करायला आलेले नाही."

"गप. वाढ."

मग तुम्ही आलात. म्हातारे दूत, सिमेलाने, गाडीतून उतरले ते थेट आईपाशी गेले आणि वाकले. मला तो माणूस आवडला, हे कबूल करते. आम्ही गायलो नाही, तर त्यांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. वाडगा समोर आला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाजवळ नेला आणि म्हणाले, "आमच्या घरात हे चालत नाही, आई. पण तुमच्या चुलीला माझा नमस्कार." आणि वाडगा हळूच खाली ठेवला. लोक विरघळले. मबिका काकांचे खांदे सैल पडले. खरं सांगू? माझेही. माझा डाव माझ्याच डोळ्यांसमोर फुकट चालला होता. इतक्या सभ्य माणसाशी कसं भांडायचं?

तुझ्या ताटात मी करकऱ्याचं डोकं वाढलं. अख्खं. तू ते पाहिलंस. मग सिमेलान्यांकडे पाहिलंस, आणि ताट बोटाने बाकाच्या कडेला सरकवलंस, मग टोपी काढून त्यावर ठेवलीस. बाबांच्या कुंपणातल्या माशावर टोपी.

तरीही मी गप्प बसले असते. पण साहेबाने नाक मुरडून तुला काहीतरी विचारलं आणि तू त्याला आफ्रिकान्समध्ये उत्तर दिलंस. दुभाषे एक चूक करतात: दोन भाषा आपल्यालाच येतात असं त्यांना वाटतं. ती भाषा तुला कुणी शिकवली, फाका? कंदिलाच्या काचेवर बोटाने अक्षरं काढून कुणी शिकवली?

तू म्हणालास, "हे लोक गरिबीमुळे मासा खातात, साहेब. गुरं नाहीत ना. राजाच्या छत्राखाली आले की सोडतील."

माझ्या हातात पळी होती. बायका सभेत पुरुषांच्या बाजूला येत नाहीत. मी पळीसकट आले. म्हटलं, "माझा भाऊ साहेबांना काय म्हणाला ते सगळ्यांनी ऐकावं." आणि तुझं वाक्य आपल्या भाषेत सांगितलं. एक शब्द वाढवला नाही.

 मग आपली आई, जी कधी चारचौघांत आवाज चढवत नाही, ती चुलीपाशी उभी राहून म्हणाली, "गरिबीमुळे? मेल्या, तुझे गाल कशाने भरले होते रे?"

न्यावो आजोबांनी तेव्हाच बोटांनी एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. चावले. डोळे मिटून गिळला. "चिखलासारखा लागतो," ते म्हणाले. "पण माझ्या शेजाऱ्याचा चिखल आहे." आणि दुसरा तुकडा घेतला.

मी तुझी टोपी उचलून तुझ्या मांडीवर ठेवली. डोकं उचललं. गालाचं मांस खाल्लं, डोळा खाल्ला, सगळ्यांच्या देखत, बोटं चाटून. बाईने. फाका, मला भीती वाटत होती. ती तुला दिसली नाही कारण तू जमीन पाहत होतास. हे डोकं खाल्ल्यावर कुणी प्रश्नच विचारला नसता तर मी नुसती एक हावरट बाई ठरले असते.

मबिका काका उठले. तेच काका. घसा खाकरून त्यांनी विचारलं, "कुंपण कुणाचं?"

"माझं," मी म्हणाले. "माझ्या आधी बाबांचं."

मग मी लोकांकडे वळले. तयार करून ठेवलेलं भाषण होतं, चांगलं होतं, ते विसरले. मी एवढंच विचारलं, "आणि जमीन कुणाची?"

तो आवाज तू गाडीतूनही ऐकला असशील. "आमची! आमच्या आधी आमच्या बाबांची!" पुन्हा. आणि पुन्हा. पोरीसुद्धा. न्यावोसुद्धा, तोंडात मासा धरून.

साहेब घड्याळ बघत म्हणाले, हे सगळं वरती ठरलेलं आहे. कुणी तरी ओरडलं, "मग विचारायला कशाला आलात? पत्ता चुकलात का?"

आणि तू गेल्यावर काय झालं ते ऐक. सिमेलाने काठी टेकून उठले आणि माझ्यापाशी आले. "मुली, मला सांगितलं होतं की तुम्ही आम्हाला बोलावलंय."

"कुणी सांगितलं, आजोबा?"

त्यांनी गाडीकडे पाहिलं. तिकडे तुझी टोपी दिसत होती.

"मी म्हातारा आहे," ते म्हणाले, "पण बोलावलं नाही तिथे मी पाणीही पीत नाही. हे मी घरी जाऊन सांगीन. माझं ऐकतील असं नाही. पण सांगीन." मग त्यांनी न खाल्लेला वाडगा स्वतः उचलला, आपल्या खांद्यावरच्या वस्त्राने झाकला आणि आईच्या हातात दिला. वस्त्र परत घेतलं नाही.

तुला तो माणूस वरिष्ठ म्हणून हवा होता. त्याच्याकडून एवढं तरी शिकायचंस.

नोमासोंटो


मान्गुझी, १२ डिसेंबर १९८२

फाका,

तुझं पत्र आलं. अक्षर लहान झालंय तुझं.

आधी इकडचं. हस्तांतर सध्या अडलंय. कोर्टात दावे झाले, सरकारने पाऊल मागे घेतलं आणि आता म्हणे एक समिती सगळ्यांना विचारणार. मी लोकांना सांगितलंय, गाफील राहू नका, पातेली घासून ठेवा. समिती आली की तिलाही जेवायला वाढू.

त्यांचा म्हातारा राजा गेला तेव्हा आईने दिवसभर चूल पेटवली नाही. कुणीतरी चिडवलं, "अगं, ज्याला नको म्हटलंस त्याचं सुतक?" आई म्हणाली, "राजा म्हणून नको म्हटलं. शेजारी म्हणून नको कधी म्हटलं?" सिमेलान्यांचं वस्त्र तिने धुऊन ठेवलंय. कधी कुणी तिकडे गेलं तर पाठवणार आहे, बरोबर शेंगा.

शाळेतून मला काढलं. तपासनिसांनी या वेळी चहा घेतला नाही. मुलं दुपारी कुंपणापाशी येतात, वाळूत अक्षरं काढतो. भरती आली की पुसतात, पुन्हा काढतो. तू याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस आणि मॅजिस्ट्रेटला अर्ज तर मुळीच लिहू नकोस. माझ्या वतीने तू पुन्हा कुणाला काही सांगायचं नाही.

आता तुझं. कचेरीने तुला ठेवलं नाही, मुखियाची खुर्ची आता कुणी देत नाही, आणि त्यांच्या राजधानीत, म्बाबानेला, तुझा जीव रमत नाही. तू लिहितोस, 'ताई, इथे मला कुणी वाईट वागवत नाही. पण पानावर बसलो की मला विचारतात, तू तर मासे खाणारा ना?' वाचून मी हसले. मग नाही हसले.

तू विचारतोस, बाबांचं कुंपण मला परत मिळेल का.

नाही.

ही शिक्षा नाही. तू राजाच्या बाजूने बोललास म्हणूनही नाही. बोलू दे, आपल्या घरात दोन मतं नेहमीच होती. पण तू आम्हाला न विचारता आमचा होकार दिलास. प्रिटोरियाने नेमकं तेच केलं होतं. मी गावासमोर उभी राहून सांगितलं की देणाऱ्याचं नसेल ते त्याने देऊ नये. आता घरात तोच न्याय मोडला तर बाहेर कुठल्या तोंडाने बोलू? कुंपण माझं आहे. माझ्या आधी बाबांचं. या मधल्या जागेत तू नाहीस, फाका. हे लिहिताना मला किती जड गेलं ते मी लिहिणार नाही.

पण एक सांगते. पावसाळी पाण्याने तळ्याच्या बाजूची लांब कूड पाडली आहे. माझे हात पुरत नाहीत, काकांची कंबर धरली आहे. काठ्या रोवायला माणूस हवा आहे. यायचं तर ये. गाडीतून नको, बसने ये, सगळ्यांना दिसेल असा उतर. आई फळीवरचा वाडगा सुलटा करील. मासा वाढीन, शेपटीकडचा. डोकं मागू नकोस.

मग पाण्यात उतर, मी दाखवीन तिथे काठी रोव, वाकडी लागली तर उपट आणि पुन्हा रोव. शेजारी बघायला जमतीलच. पहिला मासा निघेल आणि काका या वेळी माझ्याकडे न बघता तुझ्याकडे बघून विचारतील, "कुंपण कुणाचं?"

छातीभर पाण्यात उभा राहून, मान वर करून, आपल्या भाषेत उत्तर द्यायचं. दुभाष्याची गरज पडणार नाही.

जमत असेल तर ये.

ताई